कान्हे फाट्यापासून पुढे कोण

१४ नोव्हें., ताम्हिणी

निघालो. आठ दिवस, मोटरसायकलवर, फक्त घाट. इथून आंबोलीपर्यंत आणि कोकणातून परत वर.

वस्तीतली सगळी निरोपाला आली होती. मिलिंद पुढे, मी मागे, हात हलवत. कान्हे फाटा गेला, वळणावर गाडी बाजूला, तो मागे, मी पुढे. तीन वर्षं हेच. लकव्यानंतर त्याच्या डाव्या हाताने क्लच धड दाबला जात नाही. वस्तीपासून फाट्यापर्यंत दात खाऊन रेटतो. बाकीचा महाराष्ट्र मी चालवते.

लोणावळ्यात सिग्नलला शेजारच्या गाडीतून एक गॉगलवाला: "काका, मावशींना झेपते का एवढी गाडी?"
मिलिंद: "माहीत न्हाई बा. मी डोळे मिटून बसतो."

१५ नोव्हें., महाबळेश्वर

वरंध्यात रस्ता उखडलेला. खडीवर मागचं चाक दोनदा सरकलं. पाठीमागून एक शब्द नाही. हा माणूस रेल्वेत रूळ बदलणारा पॉइंट्समन होता. दुसऱ्याच्या हातातल्या गाडीवर विश्वास ठेवायची सवय आहे त्याला.

हे लिहिणार नव्हते, पण लिहून टाकते. मिलिंदच्या आज्याला गावातून जाताना चपला हातात घ्याव्या लागत. मिलिंदने पहिली मोटरसायकल घेतली आणि त्याच रस्त्याने नेली, मुद्दाम सावकाश, पारावरच्यांकडे न बघता. मी मागे बसले होते, नवी सून. ती ताठ पाठ माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. ती पाठ गावाने मागच्या सीटवर बघायची? नाही बघू देणार. समतेवर तासभर बोलणारी बाई फाट्यावर उतरते, यात कुणाला विसंगती दिसली तर दिसो. मला माझी कारणं आहेत.

१७ नोव्हें., आंबोली

पोचलो. थंडी, धुकं, कांदाभजी. लॉजवाल्याने वहीत 'चालक' या रकान्यात न विचारता मिलिंदचं नाव घातलं. मी वही फिरवून घेतली, खोडलं, माझं लिहिलं. तो म्हणाला, "ताई, काय फरक पडतो?" म्हटलं, फरक पडत नसेल तर माझंच राहू दे.

मिलिंद जिन्यापर्यंत हसत होता.

१८ नोव्हें., आंबोलीच

आज गाडी पाडली. मीच म्हणायची.

धबधब्याच्या चढावर समोर एक टेम्पो ट्रॅव्हलर उभा, काचेवर 'कार्ला' लिहिलेलं. दारात ओळखीची दोन तोंडं, आमच्याच तालुक्यातली. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. शंभर पावलं अलीकडे थांबले, उतरले, म्हटलं, "बसा पुढे." तो बसला. भरलेली गाडी, उभा चढ, तो हात. क्लच निसटला, गाडी उसळून बंद पडली आणि डाव्या अंगाला आडवी. त्याचा पाय खाली.

टेम्पोतलेच लोक धावत आले, गाडी उचलली. त्यातला एक: "भाऊ, वहिनींना द्यायची ना चालवायला. मगाशी खालच्या वळणावर बघितलं आम्ही, लय भारी चालवतात."

म्हणजे त्यांनी आधीच बघितलं होतं.

हाड शाबूत आहे. घोटा सुजलाय. डॉक्टरांनी पट्टा बांधून दिला, उद्या मागे बसून जाता येईल म्हणाले.

खोलीवर आल्यावर मिलिंद: "मी कवा सांगितलं तुला उतराय?"
मी: "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."
"इचारलंस कवा? तीन वर्षं मी त्या क्लचशी झटतोय ते तुला बरं वाटावं म्हणून."
मग म्हणाला, "मला मागं बसायची लाज न्हाई. तुला माझी लाज हाय."

तीस वर्षं व्यासपीठावर उत्तरं देतेय. मी त्याच्या पायाखाली उशी सरकवली.

१९ नोव्हें., महाड

दिवसभर गाडी. पोलादपूरच्या आधी चहाला थांबलो तेव्हा त्याने माझ्या बशीत त्याची खारी ठेवली. तेवढंच.

गावाला नाही घाबरत मी. मंत्र्याच्या तोंडावर बोलले आहे. पण त्या पाठीचा पुतळा मी केला आणि जिवंत माणसाला त्याच्यासारखं बसायला लावलं, गाडी अंगावर पडेपर्यंत. पुतळ्यांविरुद्ध माझं एक व्याख्यान आहे. चांगलं चालतं.

२० नोव्हें., लोणावळा

बोरघाट चढून आलो. खंडाळ्याला धोंडूआबांचा फोन. विहार समितीचे अध्यक्ष, मिलिंदचे चुलते. उद्या विहारासमोर आमचा सत्कार आहे, आसपासच्या गावांतून माणसं बोलावलीत.

"सूनबाई, फाट्यापासनं मिलिंदाला फुडं बसव. पोरान्नी बॅनर तसाच केलाय. लय लोक येनारेत. आपली मान खाली नको."
"आबा, त्यांचा पाय सुजलाय."
"दोन किलोमीटरचा तर सवाल हाय. आजवर बसवीतच होतीस की."

म्हणजे आबांनाही माहीत होतं. बहुतेक सगळ्यांनाच.

मिलिंदला सांगितलं. तो पाय उशीवर ठेवून चिक्की फोडत होता. म्हणाला, "तू ठरव. फक्त माझ्या नावावर ठरवू नको."
"तुम्हाला काय वाटतं ते तरी सांगा."
"मला वाटतं घोटा दुखतोय."

२१ नोव्हें., लोणावळा, सकाळ

आबांना मेसेज पाठवला: "गाडी मी चालवत आणते. मिलिंद मागे बसतील. बॅनर बदलायचा नसेल तर काढून ठेवा. सत्कार रद्द केलात तरी आम्ही त्याच रस्त्याने येणार आहोत, सावकाश."

मिलिंदने वाचला. 'सावकाश'वर बोट ठेवून म्हणाला, "ह्ये बरं लिवलंस."

दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सामान बांधून झालंय, तो खाली गाडीपाशी काठी टेकून उभा आहे, हेल्मेट घालून. आबांचं मला भय नाही, बॅनरचं नाही. तीन वर्षं फाट्यावर जो पाय ब्रेकवर जायचा तो माझा आहे, आणि त्याची हमी आज मी कुणाला देऊ शकत नाही.

निघतो.