औषध आहे का, तेवढं सांग

बर दुबई,
६ फेब्रुवारी २०२५

चि. गोपीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहवते. पत्र सूनबाई नीलिमा लिहितेय, तेव्हा तिच्या तक्रारी आज सांगता येणार नाहीत. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि विलासला सगळं ऐकू येतं. आमच्या इमारतीतला नागेश सांगलीला सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत हे पाकीट आणि तुझ्यासाठी खजूर.

विलासचा खोकला वाढलाय. पन्नाशी उलटली, तरी इथल्या देरा भागातल्या ऑफिसात दिवसाला दोन पाकिटं सिगरेट. डॉक्टर म्हणाले, आता सोडली नाही तर फुफ्फुसं खलास. त्याच्या वडिलांना विडीनं नेलं, तेव्हापासून माझ्या घरात धूर चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग नीलिमानं पेनासारखी बॅटरीची एक नळी आणली. सिगरेट सुटायचं औषध आहे म्हणाली. ओढली की वाफ येते, वास पुदिन्याचा. औषध म्हटल्यावर ते माझ्या ताब्यात. मला अक्षर येत नाही, पण घरातल्या सगळ्या गोळ्या रंग बघून मीच देते. नळीही माझ्या डब्यात ठेवलीय. सकाळी चहानंतर, ऑफिसातून आल्यावर आणि जेवल्यावर, मोजून दहा वेळा ओढायची.

पण परवा त्याच्या ऑफिसातला राहिल नावाचा मित्र आला होता. तो म्हणाला, हे औषध असेल तर डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळायला हवं. विलास म्हणाला, मग घेणार कोण, सगळे परत सिगरेटवर जातील. दोघे जेवण गार होईपर्यंत भांडले. मला एवढंच कळलं, की इथं ती नळी दुकानात चॉकलेटशेजारी मिळते. तू चाळीस वर्षं मिरजेत औषधाचं दुकान चालवलंस. हे औषध आहे का, तेवढं सांग. थोडक्यात सांग. जमायचं नाही, तरी सांग.

तुझी,
आक्का

मिरज,
२ मार्च २०२५

ती. स्व. आक्कास गोपीनाथचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आणि खजूर मिळाले. मधुमेहाच्या माणसाला दोन किलो खजूर धाडणारी बहीण अख्ख्या मिरजेत माझ्या एकट्याचीच असेल.

तुझ्या प्रश्नावर जगाचं एकमत नाही. आपल्याकडे त्या नळीच्या विक्रीलाच बंदी आहे. ऑस्ट्रेलियात ती औषधाच्या दुकानातूनच घ्यावी लागते. इंग्लंडात औषध म्हणून परवाना मागता येतो, पण तसा घेऊन अजून कुणी बाजारात आलेलं नाही. का येतील? औषध म्हटलं की मात्रा किती, गुण काय, अपाय काय, सगळं सिद्ध करावं लागतं. त्यापेक्षा चॉकलेटशेजारी बसणं सोपं. यानं काहींची सिगरेट सुटते, हेही खरं. पण निकोटिन त्यातही असतंच.

माझं मत विचारशील तर औषधाला शेवट असतो. आज इतकं, पुढल्या महिन्यात निम्मं, मग बंद. विलासचं कमी होतंय का? होत नसेल तर आक्का, ते औषध नाही, आणि तू वेळेवर हातात देऊन त्याची सवय घट्ट करते आहेस. देणं थांबव. त्याला व्यसन सोडवणाऱ्या दवाखान्यात न्या.

चि. सौ. नीलिमा, हे आक्काला पूर्ण वाचून दाखव.

तुम्हा सर्वांचा लोभ मागणारा,
गोपीनाथ

बर दुबई,
२१ मार्च २०२५

चि. गोपीनाथ यास आक्काचे आशीर्वाद.

तू चक्क दोन ओळींत उत्तर दिलंस! औषधच आहे, नेमानं देत जा, एवढंच. नीलिमानं वाचलं आणि कागद घडी करून कपाटात ठेवला. पंगतीत मीठ वाढायला सांगितलं तर मिठावर तासभर बोलणारा तू. म्हातारपणी सुधारलास म्हणायचा.

मला धीर आला बघ. रमजानमुळे ऑफिस लवकर सुटतं, म्हणून दुपारचीही एक वेळ वाढवलीय. विलास लहानपणी एरंडेल दिसलं की पळायचा, आता आपण होऊन हात पुढे करतो. औषध इतकं आवडणारा रोगी तुझ्या दुकानात कधी आला होता का? खोकला आहे तेवढाच आहे, पण उतार सावकाश पडतो, असं नीलिमा म्हणते. आत्ता ती लिहिता लिहिता थांबलीय. पेन चालत नाही म्हणते. मघाशी तर चालत होतं.

गोड खाऊ नकोस. खजूर शेजाऱ्यांना दे.

आक्का

बर दुबई,
१२ मे २०२५

चि. गोपीनाथ यास आक्काचे आशीर्वाद.

हे पत्र शेजारची हेमा लिहितेय. नीलिमा मीना बाजारात गेलीय, ती यायच्या आत उरकायचंय.

विलासचा स्कॅन झाला. फुफ्फुसं जेवढी गेली तेवढी परत येत नाहीत, आणि उरलीत तीही टिकायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. त्याच संध्याकाळी मी गॅलरीत उभी होते. खाली पार्किंगमध्ये तो सिगरेट ओढत होता. ओढून वर आला आणि माझ्याकडे नळी मागितली. म्हणजे आता दोन्ही चालू आहे.

तेव्हा मला तुझ्या त्या दोन ओळींची शंका आली. कपाटातून पत्र काढून हेमाच्या हातात दिलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं निघालं. म्हटलं, हा खरा माझा भाऊ.

नीलिमावर रागावू नकोस. औषध नाही म्हटलं तर सासू नळी कचऱ्यात टाकील आणि नवरा परत दोन पाकिटांवर जाईल, एवढंच तिच्या मनात असणार. दवाखान्यात तिनं त्याला दोनदा नेलं, दोन्ही वेळा तो दारातून परतला. तुझं ऐकून मीही चार दिवस नळी लपवून पाहिली. पाचव्या दिवशी त्याच्या खिशात दुसरी निघाली, आंब्याच्या वासाची. मग पुन्हा द्यायला लागले. माझ्या हातून घेतो तेवढा वेळ तरी समोर बसतो. उतार पडतोय, असं मला सांगतो. मीही हो म्हणते.

मला सगळं कळलंय हे नीलिमाला ठाऊक नाही, आणि कळू द्यायचं नाही.

एक काम कर. पुढच्या पत्रात तूच लिही, की ते औषध आहे. हवं तेवढं लांब लिही. पाकीट तिच्याच नावानं घाल. मागच्या वेळी वाचताना पोरीचा आवाज फार कापत होता. या वेळी कागदावर असेल तेच वाचू दे तिला.

आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
आक्का