नदीच्या पदरावरची चूल

बाबा,

उद्या गावात नदीकाठच्या आराखड्याची सुनावणी आहे आणि आठ दिवसांपासून माझं कशात लक्ष नाही. शहरात, राजापेठेतल्या या घरात सगळं हाताशी असून मी चहात मीठ टाकते, गॅसवर दूध उतू घालवते. तुमचे जावई म्हणाले, एवढा जीव खालीवर होतो तर जाऊच नको. न जाऊन सुटलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं?

आराखडा म्हणजे काय ते आधी सांगते. आपली नदी अजून देखणी आहे, तिच्या काठावर सिमेंट चढू नये म्हणून नियम येऊन राहिला आहे. जुन्या मोठ्या पुराची खूण जिथे असेल, तिथून पात्रापर्यंतचा पट्टा मोकळा ठेवायचा. पीक घ्या, झाडं लावा, पण घर नाही, धाबा नाही, प्लॉट नाही. वाचून मला हसूच आलं. हा तर तुमचाच कायदा, फक्त साहेबांच्या भाषेत.

तुम्ही त्या पट्ट्याला नदीचा पदर म्हणायचे. आपल्या वांग्याच्या वावरात, वरच्या अंगाला, निंबाखाली शेंदराचा दगड होता. तुमच्या आजाच्या काळातला पूर जिथे थांबला, तिथेच त्यांनी तो रोवला होता. अजून डोळ्यांसमोर आहे, दर अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुम्ही त्याला शेंदूर लावता आणि मी तेलाची वाटी धरून उभी असते. एकदा पात्रातल्या वेलांची डांगरं तोडायच्या दिवशी मी दगडाच्या खालच्या अंगाला सावली पाहून तीन धोंडे मांडते आणि भाकरी टाकायला चूल पेटवते. तुम्ही येता आणि पायानं चूल उधळून देता. कालवलेलं पीठ मातीत जातं. भर उन्हाळा, नदीला घोटाभर पाणी नाही, आणि यांना म्हणे पुराची धास्ती! इतका राग आला होता मला तुमचा. मग तुम्ही माझ्याजवळ बसता, हातानं धोंडे बाजूला करता. "पीक गेलं त एका सालाचं जाते, पोरी. चूल मांडली का मांगून भिंत येते. अन् भिंत गेली त मानसं जातेत."

तुम्ही गेल्यावर तो दगड हलला, बाबा. देव काट्याकुट्यात बसला आहे, म्हाताऱ्या बायांना वावर तुडवत जावं लागतं, म्हणून माझ्या भावानं आणि गावानं त्याला ट्रॅक्टरवर बसवून वाजतगाजत खाली घाटापाशी आणलं. फरशीचा ओटा केला, वर टिनाचं छत घातलं. कोणाच्याच मनात पाप नव्हतं. मोजणीवाले आले आणि पुराची जुनी खूण कोणती म्हणून विचारलं, तर सगळ्यांनी ओट्याकडे बोट केलं. पाणी दगडापर्यंत येतं हे प्रत्येकानं बापाकडून ऐकलेलं, खोटं कोणीच बोललं नाही. देव सांभाळला आणि खूण घालवून बसलो आम्ही. आता रेषा ओट्यापाशी आखली आहे, आणि आपलं सगळं वावर बांधकामाला मोकळं झालं आहे. भाऊ तिथे घर बांधतो आहे. विकायला नाही, राहायला. त्याच्या घरी पहिलं नातवंड येणार आहे.

गेल्या रविवारी मी चांदूर बाजारवरून ऑटो करून वावरात गेले. निंबाखालचा खड्डा अजून बुजलेला नाही. तळाची माती शेंदरानं अजून तांबूस आहे, बोटाला तेलकट लागते. मी वाकून पाहत होते तेवढ्यात भाऊ मागे येऊन उभा राहिला. मी म्हटलं, अरे, तू पदरावर घर बांधतो आहेस. तो म्हणाला, वर धरण झालं, आता कुठचा पूर? मी विचारलं, आणि धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा रे? तो खड्ड्याकडे पाहतच म्हणाला, "ताई, तुले सारं आठवते हे मले मालूम हाय. पन सुनावनीत तू बोलली, त मी हे घर कुठी नेऊ?" त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे. उद्या पहिल्या एसटीनं निघते. मोजणीवाल्याला निंबाखाली नेईन, खड्डा दाखवीन, ती माती त्याच्या हातावर ठेवीन, असं सकाळपासून घोकते आहे. त्या भिंतींच्या आत एक तान्हं बाळ झोपणार आहे हे मनात आणलं की धीर येतो, आणि भावाचं तोंड आठवलं की सरतो. त्याच्याशिवाय मला माहेर तरी कुठे उरलं आहे? हे तुम्हाला पाठवणार कुठे, पिठाच्या डब्याखाली ठेवून देते.

एक सांगायचं टाळत होते. त्या दिवशी परत निघताना जोत्याच्या आडोशाला भावाची सून विटांची चूल मांडून गवंड्यांसाठी चहा करत होती. सातवा महिना तिला, धुरानं डोळे लाल झालेले. या आत्याबाई, बसा, म्हणाली. चूल तुमच्या दगडाच्या जुन्या जागेच्या बरीच खाली होती, बाबा. मी ती उधळली नाही. तिच्यापाशीच बसले, चहा प्यायले, आणि चांगला झाला म्हणून आणखी अर्धा कप मागून घेतला.