मागणाऱ्याचा आंबा

पावस

प्रिय हर्षद,

दर्शन टेम्पो भरून वाशीला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. तिथे माल उतरवून तो ठाण्यात तुझ्या दारात उभा राहील आणि मृणाली त्याच्या पाठीमागे आंब्याची पेटी शोधेल. पेटी पाठवलेली नाही. का नाही, ते वाचून होईपर्यंत बाजारातलाही आंबा घरात आणू नकोस. फोनवरच सांगितलं असतं, पण तुमच्या घरात फोन सगळ्यात आधी सानवी उचलते आणि लगेच स्पीकरवर टाकते. हे तिच्या कानांवर जायला नको. पत्रही तिच्या हाती लागेल असं ठेवू नकोस, तिला आता जोडाक्षरंसुद्धा फाडफाड वाचता येतात.

नोकरी सोडून आम्ही तिघं पावसला येतो, बाग मी सांभाळतो, पुढच्या महोत्सवात स्टॉलवर मी बसतो, असं तू म्हणालास त्याला आता बरेच दिवस झाले. इतकी वर्षं 'परत ये' म्हणून मीच तुझा कान धरत होते, आणि तू विचारलंस तेव्हा मी मोहोर करपल्याच्या गप्पा मारत बसले. मृणालीच्या मनात आलं असेल, नणंदेला वाटेकरी नको झालाय. तसं मनातसुद्धा आणू नका रे. तुमच्यासाठी मी मागची खोली रंगवून घेतली आहे. रंग कुठला ते सांगत नाही, तू नावं ठेवशील.

यंदाचा आंबा महोत्सव नेहमीसारखाच झाला. बाजारपेठेत मांडव, मांडवावर पुढाऱ्यांचे फोटो, आणि फोटोंपेक्षा आंबे लहान. प्रमुख पाहुण्यांचं भाषण इतकं लांबलं की समोरच्या ताटातल्या फोडी काळ्या पडल्या. आंबे खायच्या स्पर्धेत पोस्टातला गौरव पुन्हा पहिला आला आणि सत्काराला उठताना त्याला दोघांनी धरावं लागलं. आपल्या स्टॉलवर मी आणि आपला बाबल्या. बाबल्या आता थकलाय, झेल्याने आंबा उतरवताना हात थरथरतो, पण आंबा पिकायला गवतात आढी लावावी तर त्यानेच. मी टेबलावर फोन उभा करून तुम्हाला गर्दी दाखवत होते. तुला तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, तू उठून गेलास, आणि समोर एकटी सानवी राहिली. पुढे जे झालं ते तू पाहिलं नाहीस.

आपली रीत तुला ठाऊक आहे. बागेच्या दगडी गडग्याच्या कोपऱ्यातल्या जुन्या कलमाचा पहिला पिकलेला आंबा विकायचा नाही. जो अनोळखी माणूस येऊन तोंडाने मागेल, त्याच्या ओंजळीत तो ठेवायचा. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. बाकीची बाग त्यानंतर खुली. महोत्सव नव्हता तेव्हा हे बाजारात व्हायचं, आता स्टॉलवर होतं. तुझ्या लेखी अण्णांचा दानधर्म. पण लहानपणी तू अण्णांना एकदा विचारलं होतंस की दर वर्षी तोच माणूस का येतो, आणि तो आणखी म्हातारा कसा होत नाही. अण्णांनी तुझ्या थोबाडीत मारली होती. तुला त्यांनी उभ्या जन्मात मारलं ते तेवढंच.

तो अजूनही तसाच आहे. अंगात बंडी, मे महिन्यातल्या उन्हात कपाळावर घामाचा थेंब नाही, घोट्यापर्यंत पाय कातळावरच्या मातीने लालभडक. मांडवाखाली लोक एकमेकांना रेटत असतात, पण त्याला कुणाचा धक्का लागलेला मी पाहिला नाही. ओंजळ पुढे करतो, तिथेच उभ्याने आंबा खातो आणि बाठा माझ्या हातावर ठेवतो. तो बाठा ओला नसतो, हर्षद. हाडासारखा पांढरा, खडखडीत वाळलेला असतो, उन्हात वर्षभर पडून राहिल्यासारखा. मी तो घरी नेऊन कलमाच्या मुळाशी पुरते. त्या दिवशी मला जेवण जात नाही. हे मी तुला कधी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस.

जाताना तो एकच विचारतो. "फुडल्या साली कोनाच्या हातचा?" आपण म्हणायचं, "माझ्याच." अण्णांनी मला हे शिकवलं ते आजारी पडल्यावर. तोवर मला वाटायचं, म्हातारी माणसं आपसात काहीतरी चेष्टा करतात. अण्णांच्या आधी देणारे लवूकाका होते. एका वर्षी त्यांनी "माझ्याच" म्हणायच्या ऐवजी "गंगारामच्या", म्हणजे आपल्या अण्णांच्या, म्हटलं, आणि त्या दिवाळीला लवूकाका नव्हते. अण्णा शेवटच्या महोत्सवाला खुर्चीत बसून आले, आठवतं? त्यांचा आवाज खोल गेला होता, तरी त्यांनी नीट ऐकू जाईल असं सांगितलं, "दमयंतीच्या." माझ्याकडे पाहून हसलेही. श्रावणात तू त्यांना खांदा द्यायला आलास. ज्याचं नाव सांगितलं जातं तो देणारा होतो, आणि आधीचा राहत नाही. मी हे कुठे वाचलेलं नाही, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

मी मात्र दर वर्षी न चुकता "माझ्याच" म्हणत आले. लग्नाचं स्थळ आलं तेव्हाही याच पायी नाही म्हटलं. मेमध्ये बाहेर कुठे अडकले तर काय, ही धास्ती. लोकांना वाटलं दमयंतीला नवरे पसंत पडत नाहीत. वाटू दे म्हटलं.

यंदा त्याने आंबा खाल्ला, बाठा दिला आणि विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात फोनमधून सानवी ओरडली, "माझ्या हातचा! आजोबा, पुढच्या वर्षी मी देणार!" ती हात हलवत होती, दात पडलेलं हसू, पोरीला कौतुक वाटलं. त्याने फोनकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने आंब्याशिवाय कशाकडे मान वळवून पाहिलेलं मला आठवत नाही. मी "माझ्याच, माझ्याच" म्हणत राहिले. बाबल्याने माझा दंड धरला तेव्हा कळलं की मी किंचाळत होते. मागणारा केव्हाच गर्दीत शिरला होता.

मला माझं काही वाटलं नाही, खरंच सांगते. माझं वय झालं, गुडघे गेले. मला भीती वाटली ती आठ वर्षांची पोर या रितीला बांधली जाण्याची. तिने दर मे महिन्यात त्या ओंजळीसमोर उभं राहायचं, तो बाठा हातात घ्यायचा, मरेपर्यंत. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी महोत्सव समितीच्या विनीतला सांगून टाकलं की पुढच्या वर्षी आमचा स्टॉल नको. तुला "ये" म्हटलं नाही तेही म्हणूनच. मनात म्हटलं, पोर तिकडे ठाण्यात, आंबा इकडे. भेट होणार नाही, वर्ष टळेल. मी स्वतःला फार शहाणी समजत होते; मी इकडची वाट बंद केली तर तो वर्षभर थांबणारच नाही, हे ध्यानातच आलं नाही.

काल संध्याकाळी सानवीचा फोन आला. तिने तुम्हाला सांगितलं की नाही कोण जाणे. म्हणाली, "आत्या, तुझे ते मोबाईलमधले आजोबा आमच्या सोसायटीच्या गेटपाशी आले होते. मी सायकल चालवत होते. मला म्हणाले, आंबा आनलास?" मी विचारलं, पाय कसे होते गं त्यांचे? तिला हसू आलं. म्हणाली, रंगपंचमी खेळल्यासारखे लाल. मी विचारलं, तू काय दिलंस? तर म्हणाली, "काहीच नाही, घरात आंबाच नव्हता. मी सांगितलं, आत्याची पेटी आली की देते. ते म्हणाले, येतो परत."

आता कळलं ना, पेटी का नाही ते? कोपऱ्यातल्या कलमाचा एक आंबा अजून आढीत आहे, शेवटचा. हिरवट आहे, अजून वास सुटलेला नाही, आणि याला कच्चा देऊन चालत नाही. तो तयार झाला की मिळेल त्या एसटीने निघते. मी तुमच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसेन. वॉचमनला काय सांगायचं ते तू ठरव. तो मागणारा आला की मी माझ्या हाताने देईन आणि विचारलं की "माझ्याच" म्हणेन. तो ऐकेल की नाही ठाऊक नाही. तोवर घरात आंबा नको, शेजाऱ्यांकडचा नको, आंब्याची फोडसुद्धा नको. सानवीला खाली एकटी सोडू नकोस.

आणि मी पोचायच्या आधी बाबल्याचा फोन आला, तर रडारड करू नकोस, आधी पोरीला जवळ घे. तिने कुठून तरी आंबा मिळवून त्याच्या ओंजळीत ठेवला असेल, एवढं समज. तिचं नाव मी माझ्या तोंडाने घेतलं नव्हतं, म्हणून तिच्या हातचा आंबा त्याला पोचेपर्यंतच मी होते. तिला रागावू नकोस. कधी दिलास, कुणाला दिलास, असं विचारूसुद्धा नकोस. आत्या म्हातारी झाली होती म्हणून गेली, एवढंच सांग. मागेल त्याला द्यावं, हे त्या लेकराला आपणच शिकवलंय. तिच्या हातून काय झालं ते तिला जन्मभर कळता कामा नये. हे पत्र त्यासाठी लिहिलंय. वाचून झालं की जाळून टाक.

तुझीच,
दमूताई