खर्जातली चौघं

१३ जुलै, रविवार

अण्णा म्हणाले, ‘पोरी, ह्यात गाणं कुटं हाय?’

नाहीच! तीच तर गंमत. ट्रम्पेट नाही, क्लॅरिनेट नाही, ढोल तर नाहीच नाही. नुसती खर्जातली चार वाद्यं – माझा आणि सिद्धलिंगचा ट्रॉम्बोन, चुलतभाऊ दिपकचं युफोनियम, अण्णांचा बास. आजवर वरातीत मागं राहून दुसऱ्यांच्या गाण्याला खालून टेकू दिला. आता तीन आठवड्यांनी वाचनालयाच्या सभागृहात, खुर्च्यांवर बसून, फक्त आम्ही!

रचना माझी. लिहिताना सोपी वाटली होती. आज वाजवताना चौघांची दमछाक. श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही मी! स्वतःचाच राग आला.

१७ जुलै

चादरीच्या बंद कारखान्यात सराव. मधल्या भागात अण्णांचा एकच खोल सूर, आणि आम्ही तिघं त्याच्यावर हळूहळू सरकत जातो. आज तो लागला. भिंतींना, मागांना, माझ्या पोटाला – सगळ्यांना लागला! मागावर साचलेली सुताची तूस थरथरली. वाटलं, दुपार पाण्याखाली गेलीय आणि आपण तळाशी बसून निवांत श्वास घेतोय.

मग सिद्धलिंग म्हणाला, ‘चहा सांगू काय?’ मेला!

२२ जुलै

अण्णांचे पुढचे दात हलतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच काढा. पण पुढचे दातच नसले तर फुंकणार कसं? अण्णा म्हणाले, ‘कार्यक्रम होऊ दे की. मग काढा सगळेच.’ बापलेकीचं जुंपलं. ऐकतील तर ते अण्णा कसले!

२६ जुलै

जमलं! एकदाच. पण जमलं.

३ ऑगस्ट, रविवार

नाक कापलं आमचं.

वाजवलं मात्र लई भारी. अण्णांचा सूर आला आणि पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळे मिटले. मीही मिटले. कुठं आहे, किती वेळ झाला, काही कळेना. तरंगत तरंगतच शेवटाला आलो.

आणि तिथं बँडवाल्यांची खोड नडली. वरात दारात पोचेपर्यंत गाणं फिरत राहतं. मास्तरांनी हात वर केला की बंद. आमचे मास्तर अण्णा. मी बघतेय, दिपक बघतोय – अण्णांचा हात खालीच! झालं, आम्ही पुन्हा सुरुवातीपासून! अख्खी रचना दुसऱ्यांदा! लोक चुळबुळले, काहीजण उठून गेले. कागदावर शेवट मीच लिहिलाय, पण हात दिसल्याशिवाय थांबायचं आमच्या अंगातच नाही.

दुसऱ्या फेरीला केला एकदाचा हात. माझ्या रचनेची माती केली. एवढी साधी गोष्ट विसरावी माणसानं?

५ ऑगस्ट

दात काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बास विसरा. तोंडात कापूस, बोलायला मनाई. तरी मला जवळ बोलावून म्हणाले, ‘इसरलो न्हवतो, चैताली. हात केला असता तर संपलं असतं की.’