सुनीची दुसरी खाच

१४ मार्च २००४, शहागड
सुनी पुण्याहून आली. जेवताना विचारलं, बाई, इतकी वर्षं पीएचडी पीएचडी करून राह्यलीस, नेमकं करतीस काय? म्हणाली, "अण्णा, लई लांब एक आकाशगंगा आहे, मधोमध भयंकर तापलेली. तिच्यातनं क्ष-किरण निघतात. वाटेतला वायू त्यातले थोडे गिळतो. आलेख काढला की तिथं खाच पडती."
सुनीची आई : "वायू गिळू दे, तू आधी भाकर गिळ."
खाचा दोन. पहिली आपल्याच आकाशगंगेतल्या वायूची, जुनी ओळखीची. दुसरी जागेवरून सरकलेली. म्हणजे तो वायू आपला न्हाई, पार दोन आकाशगंगांच्या मधल्या पोकळीतला. ती सुनीनं शोधली. सांगताना डोळे असे, की मी दुसरी भाकर मागायची विसरलो.

२० मार्च
दुकानात बसलो होतो. शेजारच्या चहावाल्याकडं दोघं कुजबुजले, "अण्णानं टायरमधी कमावलं, पोरगी हवेत घालवून राह्यली." कान माझे शाबूत. इकडून ओरडलो, "टायरमधी काय भरतात रे, हवाच ना!" दोघांनी कपात तोंड घातलं.

२ एप्रिल
सुनीचा फोन. रडत नव्हती, ते जास्त वाईट. तिचे गाईड सर म्हणतात, तिच्या शोधाच्या पेपरवर पहिलं नाव तिच्यासोबतच्या एका मुलाचं. का? तर आलेख त्यानं नीटनेटके काढले. नांगरलं एकीनं, अन् बांधावर उभं राहून फोटो दुसऱ्याचा! डोकं फिरलं. जेवलो न्हाई.

५ एप्रिल
पुण्याला जाऊन आलो, सरांच्या घरी. रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जात न्हाई आपण. मोसंबीची पेटी नेली, अंबडच्या बागेतून निवडून आणलेली. सरांच्या बायकोनं चहा दिला, तो पिता पिता एवढंच म्हणालो, "पोरीनं रक्त आटवलंय सर, जरा बराबर बघा." सर गोड हसले. पेटी उचलून दाराबाहेर ठेवली. "काका, आमच्याकडे असं चालत नाही."
असं म्हणजे कसं?

७ एप्रिल
सुनी फोनवर. आवाज थंडगार. "तुम्हाला कुणी बोलावलं होतं? सगळ्या विभागात झालंय, बापानं मोसंबी देऊन नाव मागितलं."
लाच! मोसंबीची! हायवेवर धंदा करून म्हातारा झालो, लाच कशी असती ते मला शिकवता? ती पेटीत भरून, चहा पीत, सरांच्या बायकोच्या देखत देतात व्हय?
सुनीच्या आईला सांगितलं. ही म्हणाली, "पोरीला विचारून जायचं." हिचंही तेच!

१६ एप्रिल
सुनी स्वतःच सरांना भिडली. मंग सरांनी सौदा टाकला : पहिलं नाव तुझं, पण दुसरी खाच गाळ. उद्या खोटी निघाली तर त्यांची अब्रू जाती म्हणे. वा रे वा! मी मोसंबी नेली तर लाच, अन् यांनी आख्खी खाच गिळली तर शास्त्र!

१८ एप्रिल
परत फोन. उद्या दुपारी उत्तर द्यायचंय. खाच ठेवली तर नाव दुसऱ्याचं, गाईडही नवा शोधायचा, वर्षं वाढणार. म्हणाली, "अण्णा, ती खोटीही असंल. मलाच कधी कधी भ्या वाटतं. पण आज तरी मला दिसती." मंग विचारती, "तुमच्या धंद्यात असतं तर तुम्ही काय केलं असतं?"
धंद्यात? नाव पदरात पाडून मोकळा झालो असतो. अगदी जिभेवर आल्तं. पण सल्ला तिनं आजवर कधी मागितला न्हाई मला. अन् ती त्या दिवशी जेवताना खाचेबद्दल बोलत होती तसं आपण आयुष्यात कशाबद्दल बोललोय का?
"बोला ना अण्णा."
"सकाळी सांगतो," म्हणालो.
इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालेलो न्हाई मी.