अक्षर मोठं केल्यावर

ठकू,

डोळे दाखवायला डॉक्टरांकडे जातोय. जेवायला थांबू नकोस. तुझा ई-रीडर चार्जिंगला लावलाय, काढू नकोस.

परवा पाहुण्यांसमोर मी त्याला "पाटी" म्हणून हिणवलं, ते चुकलंच. आयुष्यभर पुस्तकांची बांधणी केली, त्या तोऱ्यात तोंड सुटलं.

आज तू कामावर गेल्यावर सहज उघडला. अक्षर मोठं करता येतं हे कळलं आणि करतच गेलो, पानावर जेमतेम दहा ओळी उरेपर्यंत. हाताला वजन नाही, कागदाचा वास नाही, पण सगळं लख्ख दिसत होतं. मग त्यात तू लिहिलेलं पुस्तक सापडलं.

दोन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस, "बाबा, वाचलंत का?" मी म्हणालो, "वाचलं की. छान आहे." खोटं बोललो गं. छापील अक्षर तेव्हाच दिसेनासं झालं होतं, पण बांधणीवाल्यानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. तुला वाटलं असणार, बापाला आवडलं नाही.

आज सगळं वाचलं. माझ्यावरचं प्रकरण दोनदा.

मी परत आल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारशील?

बाबा