हुल्दा नावाची तुमची नात

पप्पा, तुमच्या नातीचं नाव आम्ही हुल्दा ठेवलंय. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून आधी लातूरनं ऐकलं, मग इथं नांदेडनं ऐकलं, आणि दोन्हीकडं लोकांनी एकच विचारलं, "काय? हुरडा?" आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर देवणीकडचं. त्यांनी तर बाळाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "लई गोड नाव हाय की. थंडीत आमच्या शेतावर दुसरं काय असतंय?" मी समजावलं, काकू, हुरडा नाही, हुल्दा, बायबलातलं नाव आहे. "असू दे की," त्या म्हणाल्या, "बायबलात पण ज्वारी असलंच."

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते तुमच्याच तोंडून, उदगीरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात. मी चौथी-पाचवीत असेन. नाताळच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायला मी हात वर केला होता आणि चर्चच्या पंचांपैकी एकानं सांगितलं होतं, पोरींनी गाणी म्हणावी, वाचन पोरं करतील. मी रडत दुकानात येते. तुम्ही कुणाच्या तरी शाळेच्या पँटची उंची कमी करत असता, ओठांत टाचण्या. त्या तशाच धरून तुम्ही बोलायला लागता. "देवळात जुनं पुस्तक सापडलं, देवाच्या नियमांचं. राजा घाबरला. म्हणला, जा, देवाला विचारून या. मोठमोठे याजक निघाले, आन् गेले कुणाकडं? एका बाईकडं. हुल्दा तिचं नाव. तिच्या नवऱ्याकडं राजाच्या कपड्यांचं खातं. म्हंजे आपल्याच धंद्यातली बाई, बघ." मी विचारते, ती घाबरली नाही का? तुम्ही टाचण्या काढून तळहातावर घेता. "न्हाई. ती म्हणली, ज्यानं तुम्हाला पाठवलं त्या माणसाला सांगा. राजा न्हाई म्हणली. माणूस म्हणली." त्या संध्याकाळी तुम्ही पाळकसाहेबांच्या घरी गेलात. तिथं काय बोललात ते कधी सांगितलं नाही. नाताळला शास्त्रपाठ मी वाचला, कुणाच्या तरी पडद्यांतून उरलेल्या कापडाचा पिवळा फ्रॉक घालून. तोही तुम्हीच शिवलेला.

माहेरी आता कुणी नाही, म्हणून बाळंतपण लातूरला सासूबाईंकडं झालं. त्या रिटायर्ड नर्स, त्यामुळं मला काळजी नव्हती. नाव सांगितलं तेव्हा नवरा हसला. म्हणाला, "ठेव, एकदा ऐकलं की कुणी विसरायचं नाही." सासूबाई मात्र ऐकायलाच तयार नव्हत्या. "ग्रेस ठेवा, एंजल ठेवा. हे नको." रोज तेच. मीही हट्टाला पेटले होते. जेवणाच्या ताटावर दोघी एकमेकींशी बोलेनाशा झालो आणि मधे बसलेला नवरा एकटाच भाजीचं कौतुक करत राहिला.

मग एका सकाळी बाळाला अंघोळ घालून, दुपट्यात गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या, "माझं नाव काय, ठाऊक हाय का तुला?" मी म्हटलं, शांता. "ते मी ठेवून घेतलेलं. माझ्या बापानं बायबल उघडून ठेवलं ते त्रुफैना. जळकोटच्या शाळेत मास्तर हजेरी घेताना म्हणायचे, तुफान आलं का? सगळा वर्ग हसायचा. रोज. नर्सिंगला गेले तवा पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मला शांता म्हणा." मला हसू येत होतं. वर बघितलं तर त्या हसत नव्हत्या. दुपट्याचं टोक पुन्हा पुन्हा नीट करत होत्या. मी म्हटलं, "आई, ग्रेस ठेवू." आणि पप्पा, मी ते मनापासून म्हटलं. त्या नावासाठी माझ्या लेकरानं रोज वर्गात हसू झेलावं, हे तुम्हालाही चाललं नसतं.

संध्याकाळी त्या भाकरी थापत होत्या. मधेच थांबून म्हणाल्या, "पण ती बाई होती कोण?" मी तुमची गोष्ट सांगितली, तुमच्याच शब्दांत. कपड्यांच्या खात्यासकट.

"त्या माणसाला सांगा म्हणली? राजाला?"

"हो."

"मग राजानं ऐकलं का?"

"ऐकलं."

"बया!" एवढंच म्हणून त्यांनी भाकरी उलटली. नंतर त्यांचा तो विषयच संपला. मीही काढला नाही.

बाप्तिस्म्याच्या रविवारी बाळ त्यांच्या हातांत होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, या बाळाचं नाव काय? मी ग्रेस म्हणायला तोंड उघडलं, तोच सासूबाई, वॉर्डच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात म्हणाल्या, "हुल्दा." पाळकसाहेबांना नीट कळलं नसावं, ते जरा वाकले. "हुल्दा, साहेब. हुरडा न्हाई. आन् मी तिची आजी, त्रुफैना." अर्ध्या मंडळीनं त्यांचं खरं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाईंनी वळून बघितलं, हसणं थांबलं. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि मग सगळ्या चर्चला. डोक्यावर पाणी पडल्यावर तुमची नात अशी ओरडली, की पाळकसाहेबांना पुढची प्रार्थना मोठ्यानं म्हणावी लागली.

आता लातूरहून रोज व्हिडिओ कॉल येतो आणि आजी स्क्रीनला नाक लावून "हुल्दा, ए हुल्दा" करत बसते. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. मला अजून त्या नावानं हाक मारता येत नाही. मारायला जावं, तर तुमचाच आवाज कानात येतो. म्हणून इतकं भांडून ठेवलेलं नाव सोडून मी तिला ठमी म्हणते. आणि पप्पा, ती त्याच नावाला वळून बघते.